चक्राचे फेरे आणि पाण्याचे माप

वाण्याने साखर तोलली म्हणजे आपण काट्याकडे पाहतो. दुधवाल्याने माप भरले म्हणजे मापाच्या काठाकडे पाहतो. परंतु नळाच्या पाण्याचे माप कोण पाहतो? ते एका बंद डबीत, आपल्या डोळ्यांआड होत असते. आत एक लहानसे चक्र फिरते, बाहेर आकडे पुढे सरकतात आणि त्या आकड्यांवर आपण विश्वास ठेवतो. बिचाऱ्या चक्राला लिटर म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग त्याच्या फेऱ्यांचे लिटर कोणी केले आणि कोणत्या आधारावर केले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय यंत्रशास्त्राचा वाटला, तरी त्याचा संबंध थेट आपल्या घागरीशी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील खासगी बाजाराचेच उदाहरण घ्या. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी जेथे छावणी दिली, तेथे हे लष्कर शहर वाढले. मराठी संस्थानांच्या दप्तरांत ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याचा, सरकारी जमाखर्चापासून निराळा ठेवलेला हिशेब. तो शब्द या बाजाराच्या नावात आजही टिकून आहे. पाण्याचा हिशेब मात्र असा खासगी ठेवून चालत नाही. तो सर्वांचा असतो.

या शहराने अनेक पिढ्या सांक नदीवरील तिघरा जलाशयाचे पाणी प्यालेले आहे. हे धरण १९१६ साली बांधून झाले, १९१७ च्या पावसाळ्यात ते फुटून मोठी प्राणहानी झाली आणि पुढे ते पुन्हा उभे करण्यात आले. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासला येथे आपोआप उघडणाऱ्या दरवाजांचा जो प्रयोग यशस्वी केला, तेच दरवाजे तिघऱ्यासही बसविण्यात आले. तिघऱ्याचे पाणी मोतीझील येथील शुद्धीकरण केंद्रात येते आणि तेथून वस्त्यांकडे जाते. इतक्या सायासाने साठविलेल्या पाण्याचा हिशेब दोन ठिकाणी ठेवावा लागतो: ते जेथून निघाले तेथे आणि जेथे पोहोचले तेथे. या दोन आकड्यांतील फरकाला आपण गळती म्हणतो.

आता समजा, एखाद्या विभागाला रोज एक कोटी लिटर पाणी सोडले जाते आणि ते मोजणारे मीटर शेकडा दोन इतके चुकते. म्हणजे रोज दोन लक्ष लिटरांचा घोटाळा झाला. आपल्या देशातील भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने हे सुमारे १,४८० माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. मीटर जास्त दाखवीत असेल, तर जेथे गळती नाही तेथे रस्ते खणले जातील. कमी दाखवीत असेल, तर खरी गळती कागदावर दिसणारच नाही. दोष नळाचा नाही, नळ जोडणाऱ्याचा नाही, पाणी वापरणाऱ्याचाही नाही. दोष एका आकड्याचा आहे. त्या आकड्याला अंशशोधनाचा गुणक म्हणतात. तंत्रज्ञ त्याला ‘के-गुणक’ या नावाने ओळखतात.

हा गुणक समजण्यासाठी प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. जर्मनीतील हॅम्बुर्ग प्रांतीचे जलस्थापत्यज्ञ राइनहार्ड वोल्टमन यांनी १७९० साली वाहत्या पाण्यात पात्यांचे चक्र धरून त्याचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आजही मोठ्या नळांवरील एका प्रकारच्या मीटरला त्यांचेच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांतील इंधनाचा प्रवाह मोजण्याची निकड निर्माण झाली आणि या जुन्या चक्राला विजेची जोड मिळाली. त्यातून आजचे टर्बाइन प्रवाहमापक सिद्ध झाले. अगदी मोठ्या जलवाहिन्यांवर हल्ली विद्युत-चुंबकीय किंवा ध्वनिलहरींवर चालणारी मीटरेही बसवितात. त्यांत फिरणारे चक्र नसते; तथापि त्यांचाही गुणक शेवटी याच रीतीने ठरवावा लागतो.

टर्बाइन मीटरची रचना साधी आहे. नळाच्या मधोमध, प्रवाहाच्या दिशेने ठेवलेल्या आसावर एक चक्र असते. त्याची पाती विमानाच्या पंख्यासारखी किंचित तिरपी असतात. पाणी त्यांच्यावरून जाताना चक्र फिरते; पाणी वेगाने गेले की चक्र वेगाने फिरते. नळाच्या बाहेर, पात्यांच्या अगदी जवळ, लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसविलेले असते. प्रत्येक पाते समोरून गेले की वेटोळ्यात विजेचा एक क्षीण ठोका उमटतो. त्याला आपण स्पंद म्हणू. चक्राला सहा पाती असतील, तर एका फेऱ्यात सहा स्पंद. यंत्र मोजते ते एवढेच. एक लिटर पाणी गेले असता किती स्पंद उमटतात, ती संख्या म्हणजे के-गुणक.

वर्गात एखादे समीकरण फळ्यावर लिहावे, तसे हे शब्दांत मांडता येईल. गुणक काढण्यासाठी: स्पंदांची संख्या भागिले लिटर. एकदा गुणक हाती आला म्हणजे उलट जायचे: स्पंद भागिले गुणक म्हणजे लिटर; आणि दर सेकंदाचे स्पंद भागिले गुणक म्हणजे दर सेकंदाचे लिटर. गणित चौथीतल्या मुलाला जमण्यासारखे आहे. कसोटी लागते ती भागाकारात घालावयाचे दोन आकडे खरे मिळविण्यात.

कोणी म्हणेल, चक्राची मापे घेऊन कागदावरच गुणक का काढू नये? तो प्रयत्न करून पाहू. समजा, नळ ४० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि मधला गाभा वजा जाता पाण्याला वाट मिळते ८ चौरस सेंटिमीटरांची. पात्यांचा तिरपेपणा असा आहे की, पाणी ७.३५ सेंटिमीटर पुढे सरकले म्हणजे चक्राचा एक फेरा पुरा व्हावा. आठाला ७.३५ ने गुणले की एका फेऱ्याचे पाणी ५८.८ घन सेंटिमीटर येते. तेवढ्या पाण्यात सहा स्पंद. म्हणून एका लिटरात सुमारे १०२ स्पंद. हा झाला कागदावरचा गुणक.

पण कागदावर घर्षण नसते. खऱ्या यंत्रात आसाच्या बेअरिंगला घर्षण असते, पात्यांना पाण्याचा अडथळा होतो, पात्यांची टोके आणि नळाची भिंत यांच्या फटीतून थोडे पाणी न फिरविताच निसटते. शिवाय पाणी नळाच्या मध्यभागी वेगाने आणि कडेला सावकाश वाहते. हे सर्व परिणाम सूत्रात अचूक बसविणे कठीण. म्हणून प्रत्येक मीटरला, ते एकाच साच्यातून निघालेले असले तरी, स्वतःचा गुणक प्रयोगानेच मिळवावा लागतो. जुळ्या भावंडांच्या बोटांचे ठसे जसे निराळे, तसेच हे.

प्रयोग असा. वजनकाट्यावर एक टाकी ठेवायची आणि रिकाम्या टाकीचे वजन टिपून घ्यायचे. मीटरमधून पाणी एकसारख्या वेगाने वाहू द्यायचे. नळातली हवा पूर्ण निघून गेली पाहिजे. आरंभी हे पाणी दुसरीकडे सोडलेले असते. मग एका झटक्याने धार टाकीकडे वळवायची आणि त्याच क्षणी स्पंदांची मोजणी सुरू करायची. पुरेसे पाणी भरले म्हणजे धार पुन्हा बाजूला वळवायची आणि त्याच क्षणी मोजणी थांबवायची. त्यानंतर टाकीचे वजन घ्यायचे आणि पाण्याचे तापमान पाहायचे.

समजा, भरलेल्या टाकीतून रिकाम्या टाकीचे वजन वजा जाता १९९ किलोग्रॅम आले आणि स्पंद मोजले गेले २०,१२७. एक किलोग्रॅम म्हणजे एक लिटर असे मानून भागाकार केला, तर गुणक १०१.१४ येईल. येथे मात्र थांबावे लागते. पाणी ३० अंश सेल्सिअस तापमानाचे असेल, तर त्याची घनता लिटरमागे ०.९९५७ किलोग्रॅम इतकीच असते. उन्हात पाणी प्रसरण पावते. म्हणून १९९ ला ०.९९५७ ने भागायचे, येतात १९९.८६ लिटर. आणखी एक बारकावा: टाकीतल्या पाण्याला भोवतालची हवाही किंचित वर उचलून धरते, त्यामुळे काट्यावर वजन थोडे कमी दिसते. ही तूट हजारात सुमारे एक असते. ती भरून काढली म्हणजे खरे पाणी २००.०७ लिटर ठरते. आता २०,१२७ ला २००.०७ ने भागा. गुणक येतो १००.६. दोन्ही दुरुस्त्या सोडून दिल्या असत्या, तर शेकड्याला अर्ध्याहून अधिक चूक पदरी पडली असती. आणि ती यंत्राची नव्हे, हिशेब करणाऱ्याची!

पाणी दोनशे लिटरच का घ्यायचे, बादलीभर का नको? कारण सुरुवातीस किंवा शेवटी एखादा स्पंद हुकण्याचा संभव असतो. वीस हजारांत एक हुकला, तर फरक नगण्य. परंतु दोनच लिटर पाणी घेतले, तर स्पंद मिळतील जेमतेम दोनशे. त्यांत एक हुकला तर शेकड्यास अर्धा फरक. एवढे करूनही एका प्रयोगावर विसंबायचे नसते. तोच प्रयोग त्याच वेगाने निदान तीन वेळा करतात. तिन्ही उत्तरे जवळजवळ आली म्हणजे यंत्र स्थिर वृत्तीचे आहे असे कळते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दररोज न चुकता पाच मिनिटे मागे असणारे घड्याळ नियमित असते, पण बरोबर नसते. गुणक नीट काढल्याने नियमित यंत्र बरोबर होते. अनियमित यंत्राला मात्र कोणताही गुणक तारू शकत नाही.

यापुढे प्रवाहाचा वेग बदलून हेच सारे पुन्हा करायचे. आपल्या कल्पित मीटरचे आकडे असे आले असे समजू. सेकंदाला एक लिटर असता गुणक १००.३, दोन लिटर असता १००.६, तीन लिटर असता १००.७, चार लिटर असता १००.५. या टप्प्यात गुणक जवळजवळ एकच राहतो. सर्वांत मोठा १००.७ आणि सर्वांत लहान १००.३ यांचा मध्य १००.५, तो या मीटरचा गुणक म्हणून लिहायचा. दोन्ही बाजूंना फरक शेकडा ०.२ पेक्षा अधिक नाही, हेही त्याच्या शेजारी लिहायचे. फरकाची मर्यादा न सांगता नुसता गुणक सांगणे म्हणजे गाडीची वेळ सांगून वार न सांगण्यासारखे आहे.

पण सेकंदाला ०.४ लिटर इतक्या मंद प्रवाहात गुणक घसरून ९८.९ झाला, असे समजा. मंद पाण्याच्या अंगी घर्षणावर मात करण्याइतके बळ उरत नाही, म्हणून चक्र थोडे मागे पडते. तेथे १००.५ हाच गुणक वापरला, तर शेकड्याला १.६ इतके पाणी मोजणीतून निसटेल. याहूनही बारीक धारेला चक्र मुळीच हलत नाही. ठिबकणारा नळ रात्रभर ठिबकतो आणि मीटर निवांत झोपी जाते, त्याचे कारण हेच. आणि म्हणूनच, मोठे मीटर बसविले की मोठा फायदा, हा समज चुकीचा आहे. नेहमीचा प्रवाह ज्या मापाच्या मधल्या टप्प्यात पडेल, त्या मापाचे मीटर निवडणे हिताचे.

आता असे समजा की, मोजणीच्या पेटीत आरंभी कागदावरचा १०२ हाच गुणक भरून ठेवला होता. पेटी स्पंदांना १०२ ने भागत राहील आणि लिटर कमी दाखवील. दोनशे लिटरांवर खरा गुणक १००.६ निघाला. १०२ ला १००.६ ने भागले की १.०१४ मिळतात. याला मीटरचा दुरुस्ती-गुणक म्हणतात. पेटीने १,००० लिटर दाखविले, तर खरे पाणी गेले १,०१४ लिटर. पेटीतला आकडा बदलता येत असेल तर तो बदलावा; येत नसेल तर प्रत्येक वाचनाला दुरुस्ती-गुणकाने गुणावे.

गुणक एकदा काढला म्हणजे जन्मभराची निश्चिती झाली, असे नाही. तो ज्या परिस्थितीत काढला, तेवढ्यापुरता खरा असतो. पाण्यावर काढलेला गुणक तेलाला लागू पडत नाही. तेलाचा चिकटपणा निराळा. मीटरच्या अगदी आधी नळाला वळण किंवा अर्धवट उघडी झडप असेल, तर पाणी भोवऱ्यासारखे फिरत येते आणि चक्राची फसगत करते. म्हणून मीटरच्या आधी नळाच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबीचा सरळ नळ ठेवण्याची प्रथा आहे. वाळूचे कण बेअरिंग झिजवितात, पात्यांवर क्षार साचतात, आणि गुणक हळूहळू सरकतो. जेथे नळ दिवसातून ठराविक वेळच चालतो, तेथे आणखी एक संकट असते: पाणी येण्यापूर्वी नळातली कोंडलेली हवा जोराने बाहेर पडते आणि तीही चक्र फिरविते. चक्राच्या लेखी तेही पाणीच. म्हणून अशा नळांवर हवा निघून जाण्यासाठी वेगळी झडप बसवितात.

ही परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत. वर ज्या खडकवासल्याचा उल्लेख आला, तेथेच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिचे मूळ १९१६ सालचे. नद्या व कालवे यांतील पाण्याचा वेग मोजणारी पात्यांची उपकरणे तेथे पारखून दिली जातात. त्यांची रीत आपल्या प्रयोगाच्या उलट आहे. तेथे पाणी लांब हौदात स्थिर ठेवतात आणि उपकरण ज्ञात वेगाने त्यातून ओढत नेतात. फेरे आणि वेग यांची सांगड घालून उपकरणाचे समीकरण काढले जाते. तत्त्व मात्र एकच: अज्ञाताला ज्ञाताशेजारी उभे करायचे. नळांतील प्रवाहाची मीटरे तपासण्यासाठी केरळात पालक्काड येथे द्रव-नियंत्रण संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे.

आपण पाणी तोलले, पण ज्या वजनांवर काटा पारखला ती वजने कोणी तोलली? ती त्यांहून श्रेष्ठ वजनांशी ताडलेली असतात, ती आणखी श्रेष्ठ वजनांशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. भारताच्या वाट्याला आलेला ५७ क्रमांकाचा प्रमाण-किलोग्रॅम तेथे जतन केलेला आहे. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅमची व्याख्याच धातूच्या तुकड्यावरून निसर्गातील एका स्थिरांकावर नेण्यात आली. साखळीतली एक कडी निखळली, तर पुढचे सगळे आकडे, ते कितीही दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले असोत, निराधार होतात. आपल्याकडे १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, २००९ साली त्याहून व्यापक कायदा झाला. त्यांमागचा हेतू हीच साखळी सर्वसामान्य ग्राहकाच्या हातापर्यंत आणणे हा आहे. पेट्रोल पंपावरही यंत्र आत स्पंदच मोजते. म्हणूनच तेथे पाच लिटरांचे मुद्रांकित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाला ते भरून पाहण्याचा अधिकार आहे. खोट्या तराजूचा तिटकारा बायबलातील नीतिसूत्रांच्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. त्या काळी खोटेपणा दगडाच्या वजनात असे. आज तो न तपासलेल्या एका आकड्यात राहू शकतो, आणि पुष्कळदा कोणाच्याही वाईट हेतूवाचून राहतो.

शेवटी, घरच्या घरी करता येण्यासारखी एक परीक्षा सांगतो. घरगुती मीटरची रचना थोडी निराळी असते, पण परीक्षेचे तत्त्व हेच. एक वीस लिटरांचा डबा घ्या. तो रिकामा तोला, वीस लिटरांच्या खुणेपर्यंत भरून पुन्हा तोला, आणि खूण खरी आहे याची खात्री करून घ्या. घरातले इतर सर्व नळ बंद करा. मीटरवरील आकडा लिहून ठेवा. नळ पुरता सोडून डबा दहा वेळा भरा आणि आकडा पुन्हा वाचा. पाणी गेले २०० लिटर. मीटरने १९४ दाखविले, तर ते शेकड्यास तीन कमी मोजते; २०६ दाखविले, तर तितकेच जास्त. चांगल्या घरगुती मीटरला नेहमीच्या प्रवाहात शेकडा दोनपर्यंत चूक माफ असते, मंद प्रवाहात पाचपर्यंत. तुमचे उत्तर या मर्यादेबाहेर गेले, तर परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. आणि तरीही तेच आले, तर आकडे व तारखा लिहून तपासणीचा अर्ज करा.

मीटर तुमच्या विरुद्ध चुकत असो किंवा तुमच्या बाजूने, अर्ज सारखाच करावा. तुमच्या मीटरमधून न मोजता गेलेले पाणी नगरपालिकेच्या वहीत गळती म्हणून पडते, आणि त्या गळतीचा भार शेवटी त्याच वाडीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी नळावर येतो.